जीआर थ्री की लायका एम : फरक नेमका कुठे पडतो

प्रश्न असा आहे : हाताशी रिको जीआर थ्री आहे, २८ मि.मी.च्या दृष्टिकोनाची सवय झाली आहे, फोटो मुख्यतः रस्त्यावरचे, घरातले, जत्रा-बाजारातले. आता लायकाचा फुल-फ्रेम (३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला) रेंजफाइंडर, म्हणजे वेगळ्या खिडकीतून पाहून हाताने फोकस करायचा कॅमेरा, घ्यायचा विचार आहे : एम१० किंवा एम११. एवढे पैसे घातल्यावर फोटोत फरक दिसेल का, आणि दिसला तर कुठे?

आधी थोडक्यात सांगतो. भरपूर उजेडात, एफ/५.६ किंवा एफ/८ ला (एफ हा लेन्सच्या उघडीपीचा, म्हणजे ॲपर्चरचा आकडा; आकडा लहान तितका उजेड जास्त) काढलेला फोटो ए३ आकारात छापला तर दोन्हींतला फरक बहुतेकांना ओळखता येणार नाही. कमी उजेडात माणसं हलत असतील तर फरक स्पष्ट दिसेल. कामाची पद्धत मात्र पहिल्या दिवसापासून आमूलाग्र बदलेल. बहुतेकांची निराशा तिथेच होते, कारण कॅमेरा घेताना त्यांनी फक्त फोटोची तुलना केलेली असते. म्हणून आकड्यांचा भाग लवकर उरकतो आणि पद्धतीवर जास्त लिहितो.

फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मि.मी.चा, म्हणजे ८६४ चौरस मि.मी. जीआर थ्रीचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६, म्हणजे ३६७ चौरस मि.मी.च्या आसपास. क्षेत्रफळ २.३ पटींहून थोडं जास्त, म्हणजे सव्वा स्टॉपचा फरक. (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.) खिशातला कॅमेरा सोनी आरएक्स१०० मालिकेतला असता तर त्याचा एक इंची सेन्सर १३.२ × ८.८ मि.मी.चा, म्हणजे ११६ चौरस मि.मी. तिथे फरक जवळजवळ तीन स्टॉपचा होतो. ‘कॉम्पॅक्ट विरुद्ध फुल-फ्रेम’ असा सरसकट वाद घालण्यात अर्थ नाही तो यामुळेच. आरएक्स१०० आणि लायकामधलं अंतर मोठं आहे, जीआर आणि लायकामधलं बरंच कमी.

मेगापिक्सेलचं म्हणाल तर जीआर थ्री २४, एम१० सुद्धा २४, एम११ मात्र ६०. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० × ४००० पिक्सेलची. इंचाला ३०० ठिपके धरले तर ती २० × १३ इंच छापता येते, म्हणजे ए३ पेक्षा मोठीच. एम११ ची फाइल त्याच हिशेबाने साधारण ३२ × २१ इंचांपर्यंत जाते. तुम्ही प्रदर्शनासाठी मोठे प्रिंट काढत नसाल, किंवा फोटोचा तुकडा कापून वापरायची सवय नसेल, तर ६० मेगापिक्सेलचा उपयोग हार्ड डिस्क भरण्यापलीकडे फारसा नाही. एम११ मध्ये रॉ फाइल (सेन्सरकडून आलेली, प्रक्रिया न केलेली) ३६ किंवा १८ मेगापिक्सेलची ठेवायची सोय आहे. रोजच्या कामाला ३६ पुरेशी आहे.

आणखी एक मुद्दा सहसा कुणी सांगत नाही. जीआरची १८.३ मि.मी. (फुल-फ्रेमच्या हिशेबाने २८) एफ/२.८ लेन्स त्या एकाच सेन्सरसाठी बनवलेली आणि कारखान्यातच त्याच्याशी जुळवलेली आहे. एम माउंटवर, म्हणजे लायका एमच्या लेन्स बसवायच्या खोबणीवर, १९५४ पासूनच्या लेन्स चालतात, पण त्यांतल्या बऱ्याच फिल्मसाठी आखलेल्या. वाइड लेन्समधून प्रकाश सेन्सरच्या कडांवर तिरपा पडतो. लायकाने सेन्सरवरची काच पातळ ठेवून आणि कडेच्या सूक्ष्मभिंगांची जागा सरकवून हा त्रास बराच कमी केला आहे, तरी काही जुन्या वाइड लेन्सचे कोपरे मऊ किंवा रंग उतरलेले दिसतात. स्वस्तात मिळालेली जुनी लेन्स लावून जीआरशी तुलना केलीत तर कोपऱ्यांत जीआर जिंकलेला दिसेल, आणि तो निकाल खरा असेल.

घरातला उजेड

संध्याकाळी घरात दोन दिवे लागले आहेत, आजी खुर्चीत स्वस्थ बसल्या आहेत. जीआरवर एफ/२.८, १/१५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता; वाढवली की दाणे वाढतात) १६०० असं माप आलं समजा. जीआर थ्रीमध्ये सेन्सर हलवून थरथर सावरणारी तीन अक्षांची यंत्रणा आहे, त्यामुळे हात टेकवून, श्वास सोडून काढलेला १/१५ चा फोटो सहसा स्वच्छ येतो. लायका एममध्ये अशी यंत्रणा नाही. तिथे ३५ मि.मी. लेन्सला किमान १/६० हवा, म्हणजे दोन स्टॉपचं नुकसान. लेन्स एफ/२ ची असेल तर एक स्टॉप परत मिळतो. म्हणजे आयएसओ ३२०० झाला. मोठ्या सेन्सरचा सव्वा स्टॉपचा फायदा धरला की दोन्ही फोटो जवळजवळ सारखेच दाणेदार दिसतात. नऊ हजार डॉलरच्या आसपासची बॉडी आणि नऊशे डॉलरचा कॅमेरा (सुरुवातीच्या किमती एम११ ची ८,९९५ आणि जीआर थ्रीची ८९९) इथे बरोबरीत सुटतात.

आता त्याच खोलीत नातवंडं पळताहेत. त्यांना गोठवायला निदान १/१२५ हवा. जीआरची थरथर सावरणारी यंत्रणा इथे निकामी, कारण हलतंय ते मूल, तुमचा हात नव्हे. १/१५ वरून १/१२५ म्हणजे तीन स्टॉप, म्हणून आयएसओ १२,८००. लायकावर एफ/२ ला ६४००, एफ/१.४ ला ३२००. त्यात सव्वा स्टॉप सेन्सरचा. म्हणजे एफ/१.४ ची लेन्स लावलेला लायका सव्वातीन स्टॉप पुढे जातो, आणि हा फरक कुणालाही दिसेल : सावल्यांमधले रंग टिकतात, केसांचे तपशील राहतात.

अर्थात अट अशी, की एफ/१.४ ला तुम्हाला फोकस जमला पाहिजे. पळणाऱ्या मुलावर हाताने. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

पार्श्वभूमी धूसर करण्याचा हिशेबही हाच. जीआरचा एफ/२.८ हा फुल-फ्रेमच्या भाषेत साधारण एफ/४.२ इतकीच धूसरता देतो. अर्ध्या मीटरवरच्या वस्तूमागे ती दिसते, दोन मीटरवरच्या माणसामागे नाही. व्यक्तिचित्रात मागचं सगळं विरघळलेलं हवं असेल तर जीआरकडून ते होणार नाही. ४० मि.मी. दृष्टिकोनाचा जीआर थ्री-एक्स थोडा बरा, पण तोही एफ/२.८ चाच. उलट बाजूने, लायकाचा रेंजफाइंडर साधारण ०.७ मीटरच्या आत फोकस करत नाही. ताटातलं जेवण, हातावरची मेंदी, दागिना, पुस्तकाचं पान ही कामं जीआर मॅक्रो मोडमध्ये ६ सें.मी.पर्यंत सहज करतो.

रेंजफाइंडरने काम कसं होतं

एममध्ये तुम्ही लेन्समधून पाहत नाही. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या स्वतंत्र खिडकीतून पाहता. ती नेहमी स्वच्छ दिसते, लेन्सचं झाकण लावलेलं असलं तरीही. नवशिक्यांचे काळे फोटो असेच निघतात. (डिजिटल एममध्ये काळा फोटो लगेच पडद्यावर कळतो, ही सोय.) खिडकीत लेन्सप्रमाणे उजळ रेषांची चौकट येते. चौकटी जोडीने येतात : ३५ बरोबर १३५, २८ बरोबर ९०, ५० बरोबर ७५.

मधोमध एक उजळ छोटा चौकोन असतो. त्यात दुसऱ्या खिडकीतून आलेली प्रतिमा दिसते. फोकस रिंग फिरवली की लेन्सच्या मागच्या टोकाची धातूची कडा बॉडीतल्या एका लहान चाकाला ढकलते, ते चाक दांडी हलवतं आणि चौकोनातली प्रतिमा आडवी सरकते. दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. त्यामुळे उभ्या रेषा लागतात : दाराची चौकट, चष्म्याची कड, शर्टाची काजपट्टी, डोळ्याचा बाहेरचा कोपरा. आडव्या रेषांवर, म्हणजे पायऱ्या, विजेच्या तारा, साडीचा आडवा काठ यांवर काही कळत नाही. तिथे कॅमेरा उभा धरून फोकस करायचा आणि मग पुन्हा आडवा करायचा.

दोन खिडक्यांमधलं अंतर ६९.३१ मि.मी. आणि एम१०, एम११ च्या व्ह्यूफाइंडरची वाढ ०.७३ पट. गुणाकार साधारण ५०.६ मि.मी. हीच या यंत्रणेची खरी ताकद आणि हीच मर्यादा. २८ आणि ३५ ला ती गरजेपेक्षा जास्त अचूक आहे. ५० मि.मी. एफ/१.४ ला पुरते. ९० मि.मी. एफ/२ ला ओढाताण सुरू होते, १३५ ला एफ/४ पर्यंतच भरवसा. लांबच्या लेन्स हव्या असतील, मैदानातले खेळ किंवा पक्षी टिपायचे असतील, तर रेंजफाइंडरचा विषय तिथेच संपतो. (जीआरचाही संपतो.)

चौकटीच्या बाहेरचंही दिसतं, हा या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा गुण, आणि माझ्या मते पैसे मोजायचं खरं कारणही हेच. ३५ मि.मी. च्या चौकटीभोवती बरीच जागा उरते. उजवीकडून सायकल येते आहे, ती चौकटीत शिरण्याआधी दिसते आणि कुठल्या क्षणी दाबायचं ते ठरवता येतं. जीआरच्या मागच्या पडद्यावर फक्त चौकटीतलंच दिसतं, आणि तेही हाताच्या अंतरावरून, कडक उन्हात अर्धवट. जीआरला व्ह्यूफाइंडरच नाही. वर लावायचा काचेचा मिळतो, पण त्यात फोकस कुठे झाला ते कळत नाही.

आता त्रास. चौकटी पूर्ण अचूक नसतात. एम१० च्या चौकटी दोन मीटर अंतराला जुळवलेल्या आहेत. लांबच्या विषयाला फोटोत चौकटीपेक्षा जास्त भाग येतो, जवळच्याला कमी. वर-खाली, डावी-उजवीकडे होणारा फरक चौकट स्वतः सरकून भरून काढते, आकारातला फरक मात्र भरून निघत नाही. कडा काटेकोर हव्या असतील तर थोडी मोकळी जागा सोडायची किंवा मागच्या पडद्यावर पाहायचं. मोठी लेन्स किंवा हूड खिडकीचा उजवा खालचा कोपरा झाकतो. चष्मा लावणाऱ्यांना २८ मि.मी. ची चौकट एका नजरेत मावत नाही, डोळा फिरवून कडा पाहाव्या लागतात. व्ह्यूफाइंडरला नंबर जुळवायची चकती नसते. तो मुळात उणे ०.५ डायऑप्टरला (चष्म्याच्या नंबरचं एकक) बसवलेला असतो आणि वेगळं भिंग आयपीसवर फिरवून लावावं लागतं. चाळिशी लागलेल्यांनी कॅमेरा घेण्याआधी हे नक्की तपासावं. ‘फोकस चुकतोय’ या तक्रारीत दोष पुष्कळदा डोळ्यांच्या नंबरचा निघतो.

जवळून, एफ/१.४ ला काम करताना आणखी एक खोच आहे. चौकोन मधोमध असल्यामुळे डोळ्यावर फोकस करून मग कॅमेरा वळवून चौकट जमवावी लागते. ५० मि.मी. एफ/१.४ ला एक मीटरवर स्पष्टतेची पट्टी जेमतेम ३ सें.मी.ची, म्हणजे पुढे-मागे दीड-दीड. कॅमेरा फक्त १० अंश वळवला तरी फोकसचं प्रतल डोळ्याच्या दीड सें.मी. मागे जातं. डोळा हरवतो आणि कान स्पष्ट येतो तो असा. उपाय साधा आहे : वळवल्यावर अंग किंचित मागे न्यायचं, किंवा एफ/२.८ ला बंद करायचं. ६० मेगापिक्सेलवर शंभर टक्के मोठं करून पाहिलंत तर ही पट्टी आणखी अरुंद वाटते. लेन्सवर कोरलेली डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे स्पष्टतेच्या पट्टीची, खूण फिल्मच्या काळातल्या निकषावर आहे. एम११ वर एफ/८ लावलं असेल तर एफ/४ च्या खुणा वाचा, फसगत होणार नाही.

दोन्हींवर लागणारं एकच कौशल्य

रस्त्यावर काम करणारे लोक ना जीआरच्या ऑटोफोकसची वाट पाहतात, ना लायकाच्या दोन प्रतिमा जुळवत बसतात. अंतर आधीच लावून ठेवतात. हे कौशल्य दोन्हींवर सारखंच आहे, आणि तुमच्याकडे जीआर असल्यामुळे आज फुकटात शिकता येतं.

जीआरमध्ये याला स्नॅप फोकस म्हणतात. मेन्यूत फुल प्रेस स्नॅप चालू करा आणि स्नॅपचं अंतर २ मीटर ठेवा. ॲपर्चर प्रायॉरिटीत (ॲपर्चर आपण ठरवायचा, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो) एफ/५.६ लावा, आयएसओ ऑटोवर ठेवून किमान शटर स्पीड १/२५० आणि वरची मर्यादा ६४०० द्या. हे सगळं यू१ वर, म्हणजे मोडच्या चकतीवरच्या आपल्या जागेवर, साठवून ठेवा. आता बटण अर्धवट न दाबता एकदम पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस न शोधता २ मीटरवर फोटो घेतो. एफ/५.६ ला साधारण १.२ मीटरपासून ५.९ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/८ ला एक मीटरपासून जवळजवळ अनंतापर्यंत. ऑटोफोकस हवा तेव्हा अर्धवट दाबायचं. कमी उजेडात जीआरचा ऑटोफोकस अडखळतो, तिथेही हाच मार्ग.

लायकावर ३५ मि.मी. लेन्स एफ/८ ला, अंतर ३ मीटर. स्पष्टता १.९ ते ७.२ मीटर. लेन्सखाली बोटाचा आधार, म्हणजे टॅब, असेल तर तो कुठल्या कोनात असताना किती अंतर लागतं ते बोटाला पाठ करा. प्रत्येक लेन्सचं वेगळं असतं. आपल्या लेन्सवर एक मीटर, दीड मीटर आणि तीन मीटर या तीन जागा न पाहता लावता आल्या की पुरे.

उरलं अंतर ओळखणं. सगळ्यात भरवशाची खूण चौकटीतच असते. जीआर आडवा धरला आणि उभा प्रौढ माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत काठोकाठ बसला, की तो २ मीटरवर आहे. लायकावर ३५ मि.मी. ला हेच अडीच मीटरवर घडतं, ५० ला साडेतीन मीटरवर. कमरेपासून वरचा भाग चौकट भरत असेल तर अंतर निम्मं. मीटरपट्टीने एकदा घरात खात्री करून घ्या, मग रस्त्यावर चौकट न लावताही नजरेला कळू लागतं.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला : हे जीआरवर जमत नसेल तर लायका घेऊ नका. जीआरचा ऑटोफोकस तुमची उणीव झाकतो, लायका ती प्रत्येक फ्रेममध्ये उघडी पाडेल. जमत असेल, आणि तरीही मागच्या पडद्यामुळे चौकटीबाहेरचं दिसत नाही ही तक्रार मनात राहत असेल, तर लायका तुमच्यासाठी आहे.

छोट्या कॅमेऱ्याला दुय्यम मानणाऱ्यांसाठी एक आठवण. लायकाचा जन्मच ‘लहान कॅमेरा’ म्हणून झाला. ओस्कार बर्नाकने वेट्सलारमध्ये पहिला नमुना १९१४ च्या सुमारास बनवला आणि १९२५ साली पहिला लायका बाजारात आला, तेव्हा काचेच्या प्लेट वापरणारे व्यावसायिक त्याला खेळणं समजत. आज जीआरबद्दल तेच बोललं जातं. जपानचे दायडो मोरियामा अनेक वर्षं जीआरच्याच पिढ्या वापरत आले आहेत.

फ्लॅश, आवाज, बॅटरी

भरदुपारी टोपीखालचा चेहरा उजळायला फ्लॅश लागतो, आणि इथे जीआर सरळ सरळ वरचढ आहे. त्याचा शटर लेन्सच्या आतच असल्यामुळे १/८०० लाही फ्लॅश जुळतो : आयएसओ १००, एफ/५.६, १/८०० ला उन्हाचं माप बसतं. लायकाचा पडदा-शटर १/१८० च्या वर साध्या फ्लॅशशी जुळत नाही, म्हणून ॲपर्चर एफ/११ पर्यंत बंद करावा लागतो आणि फ्लॅशला साधारण चौपट उजेड फेकावा लागतो. लहान फ्लॅश तेवढा पुरत नाही. जीआर थ्रीच्या बॉडीत फ्लॅश नाही, वर लावावा लागतो, हे लक्षात ठेवा. शिवाय दोन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) जीआरच्या आतच आहे. लायकावर तो लेन्सवर फिरवून बसवायचा.

आवाज जीआरचा जवळजवळ नाहीच. एम११ चा यांत्रिक शटर हळू पण ऐकू येतो. त्याचा इलेक्ट्रॉनिक शटर निःशब्द आणि १/१६,००० पर्यंत जातो, पण सेन्सर हळू वाचला जात असल्यामुळे धावती वाहनं तिरपी येतात आणि एलईडी दिव्यांखाली पट्टे उमटतात. लग्नाच्या हॉलमध्ये तो वापरू नका.

बॅटरीत जीआर कमजोर : प्रमाणित मोजणीत एका चार्जवर २०० फोटो, एम११ वर ७००. जीआरसोबत दोन जादा बॅटऱ्या ठेवाव्यात. वजन जीआरचं २५७ ग्रॅम. एम११ काळा ५३० आणि पितळी वरच्या भागाचा चंदेरी ६४०, तेही लेन्सशिवाय. व्हिडिओ हवा असेल तर एम११ मध्ये तो मुळीच नाही.

धूळ, भंडारा आणि पावसाळा

आपल्याकडे वापरणाऱ्यांनी हा भाग सगळ्यात गांभीर्याने घ्यावा. जीआरची लेन्स चालू करताना बाहेर येते, बंद करताना आत जाते. या हालचालीत हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर खिशातला कापसाचा धागा, धूळ. सेन्सरवर बसली की एफ/११, एफ/१६ ला आभाळात राखाडी डाग दिसतात. कॅमेऱ्यात सेन्सर झटकायची सोय आहे, ती मेन्यूतून चालू ठेवा, पण चिकट कण तिने निघत नाही. लेन्स काढता येत नसल्यामुळे घरी करण्यासारखं काही उरत नाही, सेवा केंद्रात उघडावा लागतो. म्हणून जीआर उघडा खिशात टाकू नये. घट्ट विणीच्या कापडी पिशवीत घालून मग खिशात, आणि ती पिशवी आठवड्यातून एकदा उलटी करून झटकायची.

जेजुरीचा भंडारा किंवा रंगपंचमीचा गुलाल असेल तर जीआर बाहेर काढूच नका. ती पूड इतकी बारीक असते की लेन्सच्या नळ्यांमध्ये शिरून मोटर अडकवते. लायकावर लेन्सची हालचाल हाताने होते, मोटर नाही. तिथे एकच लेन्स लावून ठेवायची, पुढे फिल्टर लावायचा आणि दिवसभर ती बदलायची नाही. सेन्सरवर धूळ गेलीच तर घरी निघते : मेन्यूतून सेन्सर स्वच्छतेसाठी शटर उघडा, कॅमेरा तोंड खाली करून धरा, रबरी फुंकणीने सात-आठ फुंका मारा. डाग राहिला तर २४ मि.मी. रुंदीची सेन्सर पट्टी घ्या, द्रवाचे दोन थेंब टाका, एका दिशेने एकदा, पट्टी उलटून दुसऱ्या दिशेने एकदा. तीच पट्टी पुन्हा वापरायची नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असल्याशिवाय हे सुरू करू नका, मध्येच शटर मिटला तर पडदा पट्टीवर आपटतो. तोंडाने फुंकर कधीच मारू नये, थुंकीचा डाग धुळीपेक्षा वाईट.

पाऊस दोघांनाही चालत नाही. कोणत्याही बॉडीला अधिकृत जलरोधक मानांकन नाही. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर लेन्सना बुरशी धरते, त्यातही कातडी केसमध्ये ठेवलेल्या लेन्सना लवकर. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. खूप कोरडंही नको, वंगण सुकतं. सिलिका जेलचा रंग बदलला की भाजून घ्यायची.

वापरलेला एम घेताना

नवीन एम११ ऐवजी वापरलेला एम१० घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, आणि वाचलेले पैसे एका चांगल्या ३५ मि.मी. लेन्सवर घालावेत. लेन्स लायकाचीच हवी असं नाही. झाइसच्या झेडएम आणि कोसिनाच्या व्हॉइग्टलँडर लेन्स त्याच माउंटवर बसतात आणि उत्तम काम देतात. फक्त काही वेगवान लेन्समध्ये ॲपर्चर बंद करताना फोकस मागे सरकतो, झाइस ५० मि.मी. एफ/१.५ त्यासाठी प्रसिद्ध आहे. एसएलआरमध्ये (लेन्समधूनच पाहायच्या कॅमेऱ्यात) हे डोळ्यांना दिसू शकतं, रेंजफाइंडरमध्ये फोटो पाहिल्यावरच कळतं. लायकाची जुनी ३५ मि.मी. एफ/१.४ ॲस्फेरिकल घेत असाल तर तिलाही ही खोड आहे. २०१० च्या सुधारित आवृत्तीत ती बरीच गेली.

स्वस्त म्हणून एम९ समोर आला तर सेन्सरची विचारपूस आधी करा. त्याच्या सीसीडी सेन्सरवरची काच कालांतराने गंजते. पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ ला फोटो काढा. कडेला वलय असलेले ठिपके दिसले आणि ते साफ करून हलले नाहीत, तर ती गंज आहे. सुधारित सेन्सर बसवल्याची पावती नसेल तर तो व्यवहार सोडून द्या.

लेन्स उजेडात नुसती पाहू नका. ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरपं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, सगळीकडे सारखं दुधाळ पडलेलं दिसलं तर धुरकटपणा. बारीक धूळ सगळ्याच लेन्समध्ये असते, तिच्यासाठी घासाघीस करण्यात अर्थ नाही.

मग रेंजफाइंडर. लेन्स अनंतावर नेऊन टेकवा आणि निदान एक किलोमीटर लांबचा मनोरा किंवा इमारतीची कड पाहा. दोन प्रतिमा आडव्या एकावर एक बसल्या पाहिजेत, आणि उंचीलाही सारख्या दिसल्या पाहिजेत. उंचीत फरक असेल तर फोकस चुकतोच असं नाही, पण जुळणी ओळखता येत नाही आणि डोळे शिणतात. नंतर टेबलावर पट्टी ४५ अंशांत तिरपी ठेवा, कॅमेरा तिपाईवर एक मीटरवर, ॲपर्चर पूर्ण उघडा. एका आकड्यावर फोकस करून फोटो घ्या. प्रत्येक वेळी रिंग फिरवून नव्याने जुळवत असे पाच फोटो घ्या, कारण एका फोटोत तुमच्या हाताची चूक असू शकते. पाचही फोटोंत स्पष्टता एकाच बाजूला सरकलेली असेल तर दुसरी लेन्स लावून तेच करा. दोन्ही लेन्स एकाच बाजूला चुकल्या तर दोष बॉडीत, एकच चुकली तर त्या लेन्समध्ये. बॉडीचा दोष सहसा आतल्या चाकाच्या जुळणीचा असतो आणि जाणकार कारागीर तो थोड्या वेळात काढतो. मात्र इंटरनेटवर पाहून षटकोनी किल्लीने स्वतः फिरवायला जाऊ नका. अनंत जुळवताना जवळचं बिघडतं, जवळचं जुळवताना अनंत. दुरुस्तीला देताना बॉडीबरोबर तुमच्या सगळ्या लेन्स द्या आणि पट्टीचे फोटोही द्या, म्हणजे एका लेन्सचा दोष बॉडीत मुरवला जाणार नाही.